काम निघालं परगावी!

मुलांनो, पहाटे साडेचारला तुम्ही कधी जागे झाला आहात का? परीक्षेच्या दिवसांत झाला असाल! तेव्हा खाली गल्लीत बघा. दूधवाला यायच्याही आधी एक गाडी येऊन थांबते. तिच्यातून डोळे चोळत एक दादा उतरतो. पाठीला सॅक, हातात रिकामा डबा. आपण दात घासायला उठतो तेव्हा हा झोपायला जातो. आपली शाळा सुटते तेव्हा याचा दिवस सुरू होतो.

आमच्या समोरच्या घरात असाच एक दादा राहतो. तो पुण्यातल्या एका कंपनीत काम करतो. काम काय, तर फोनवर बोलायचं! अमेरिकेत कुणाचं क्रेडिट कार्ड हरवलं, कुणाचं विम्याचं बिल चुकलं, की ती माणसं तक्रारीचा नंबर फिरवतात आणि फोन वाजतो तो पुण्यात, दादाच्या कानाशी. पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे नऊ, उन्हाळ्यात दहा वाजलेले असतात. म्हणजे त्यांचा दिवस ती आपली रात्र. म्हणून दादाची कायमची रात्रपाळी.

दादाला ही नोकरी लागली तेव्हा काकूंनी चाळीस घरांत पेढे वाटले होते. पेढा खाताना आमच्या मनात एक प्रश्न आला. दादाच्या आधी हे काम कोण करत होतं? अमेरिकेतच कुणीतरी करत असणार. त्याचं काय झालं? त्याच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण निघणार आहोत. आणि गंमत म्हणजे सुरुवात करायची आहे आपल्याच स्वयंपाकघरातून.

आधी दळण आणू या

आज घरात पीठ संपलं की आई काय म्हणते? "जा रे, दळण टाकून ये." तुम्ही डबा घेऊन गिरणीत जाता. पण तुमच्या पणजीच्या वेळी असं नव्हतं. घरोघरी जातं होतं. बायका पहाटे उठून दळायला बसत आणि दळता दळता ओव्या म्हणत. मग गावात पिठाची गिरणी आली आणि घरातलं काम घराबाहेर गेलं. पैसे द्यायचे आणि आपलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. यालाच मोठ्या कंपन्यांच्या भाषेत म्हणतात आउटसोर्सिंग. शब्द नवा असला तरी कल्पना अशी जुनी आहे.

आता हिशेब मांडा बरं. फायदा कुणाचा झाला? पणजीचा झाला. तिचे खांदे दुखायचे थांबले, रोजचा तास-दीड तास वाचला. गिरणीवाल्याचा झाला. त्याला धंदा मिळाला. तोटा? थोडासा झाला. वीज गेली किंवा गिरणीवाला गावाला गेला की पोळ्यांची पंचाईत! आणि जात्याबरोबर ओव्याही हळूहळू मागे पडल्या.

पण थांबा, आपण एकीला विसरलोच. "तिनं दळणकांडण करून मुलांना वाढवलं" असं वाक्य तुम्ही आजीकडून ऐकलं असेल. ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा कितीतरी बायका लोकांचं दळण दळून, धान्य कांडून पोट भरत. गिरणी आली आणि त्यांचं काम गेलं. गिरणीवाला काही दुष्ट नव्हता. पणजीही दुष्ट नव्हती. दोघांचा फायदाच झाला. पण ज्या बाईचं काम गेलं, तिचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

ही दळणकांडण करणारी बाई लक्षात ठेवा. ती आपल्याला आज पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

काम समुद्रापार कसं गेलं?

दळण गल्लीतल्या गिरणीत देणं सोपं आहे. पण न्यूयॉर्कचं काम पुण्यात कसं येणार? त्यासाठी दोन गोष्टी स्वस्त व्हाव्या लागल्या. एक, माल नेणं. आणि दुसरी, निरोप नेणं.

पूर्वी जहाजात माल भरायचा म्हणजे एकेक पोतं, एकेक खोकं हमालांनी उचलून आत रचायचं. त्यात दिवसच्या दिवस जात. १९५६ साली अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्यानं एक साधी युक्ती केली. माल आधीच एका मोठ्या लोखंडी पेटीत भरायचा आणि ती पेटीच्या पेटी क्रेननं उचलून जहाजावर ठेवायची. हाच तो कंटेनर! उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशा पेट्यांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. वाहतूक इतकी स्वस्त झाली की एका देशात शिवलेला शर्ट दुसऱ्या देशात नेऊन विकणं सहज परवडू लागलं.

निरोपाचंही तसंच झालं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनं बंगळुरूला आपलं केंद्र काढलं. तिथले इंजिनिअर चिप्सचे आराखडे तयार करण्याचं काम करत आणि ते उपग्रहामार्फत अमेरिकेला जाई. कागद नाही, जहाज नाही! पुढे समुद्राच्या तळातून जाड केबल टाकल्या गेल्या आणि फोनवरचं बोलणंही स्वस्त झालं.

मग आलं १९९९ साल आणि एक मजेशीर संकट. जुन्या काळी संगणकात जागा फार महाग होती. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. १९९५ म्हणजे नुसतं ९५. आता २००० साल आलं की काय होणार? संगणक वाचणार ००! समजा, कुणी बँकेत १९९५ साली ठेव ठेवली. ती किती वर्षांची झाली? आपण म्हणू पाच. संगणक ०० मधून ९५ वजा करणार आणि म्हणणार, "उणे पंच्याण्णव!" जगभरच्या बँका आणि विमान कंपन्या घाबरल्या. लाखो ओळींचे प्रोग्रॅम तपासायचे होते आणि हाताशी माणसं कमी. भारतात मात्र गणित आणि इंग्रजी जाणणारे तरुण इंजिनिअर भरपूर होते. ते काम मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे आलं. ते चोख झालं, तसा विश्वास बसला. पाठोपाठ इतर कामंही येऊ लागली.

त्यातच घड्याळाची मदत! अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर रोगी तपासून टिपणं टेपवर बोलून ठेवत. रात्री ते झोपले की भारतात ती टिपणं ऐकून टाइप होत. सकाळी डॉक्टर दवाखान्यात येतात तो कागद तयार! जणू पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन पाळ्या चालू.

आज भारतात संगणकाच्या आणि अशा बाहेरून आलेल्या कामांवर ५० लाखांहून जास्त माणसं नोकरी करतात. हिंजवडीत, बंगळुरूत, हैदराबादेत पूर्वी शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. चाळीत वाढलेल्या कितीतरी मुलामुलींनी आईबापांना स्वतःचं घर घेऊन दिलं. हा फायदा काही लहान नाही, बरं का.

करंज्यांचं गणित

आता एक कोडं. समजा, ताई सगळ्याच कामांत बंटीपेक्षा हुशार आहे. मग तिनं बंटीला काम द्यावंच कशाला?

दिवाळीचे दिवस आहेत. करंज्या भरायच्या आहेत आणि पणत्या रंगवायच्या आहेत. ताई एका तासात ३० करंज्या भरते किंवा ६ पणत्या रंगवते. बंटी एका तासात फक्त ५ करंज्या भरतो किंवा ५ पणत्या रंगवतो. दोघांकडे दोन-दोन तास आहेत.

दोघांनी एक तास हे, एक तास ते असं केलं, तर एकूण ३५ करंज्या आणि ११ पणत्या होतील. करून बघा वहीत.

आता वाटणी बदलू. बंटी दोन्ही तास पणत्याच रंगवेल. १० झाल्या. ताई पहिली दहा मिनिटं एक पणती रंगवेल आणि उरलेली एकशे दहा मिनिटं करंज्या भरेल. पणत्या तेवढ्याच, ११. आणि करंज्या? ५५! तीच दोन माणसं, तेवढाच वेळ, आणि २० करंज्या जास्त!

ही जादू नाही. ताई पणत्याही बंटीपेक्षा जास्त रंगवते, पण करंज्यांत ती सहापट पुढे आहे. म्हणून तिनं करंज्यांत वेळ घालवणं सगळ्यांच्या फायद्याचं. इंग्लंडमधल्या डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानं हाच मुद्दा १८१७ साली पुस्तकात मांडला. त्याचं उदाहरण करंज्यांचं नव्हतं, इंग्लंडच्या कापडाचं आणि पोर्तुगालच्या वाइनचं होतं. देशादेशांनी कामं वाटून घेतली तर जगात एकूण वस्तू जास्त तयार होतील, असं तो म्हणाला. मोठमोठ्या कंपन्या आपलं काम परदेशी पाठवताना याच गणिताचा दाखला देतात आणि गणित खरंच बरोबर आहे.

पण आता शेवटचा प्रश्न. त्या वाढीव २० करंज्या कुणाच्या ताटात गेल्या?

गणित हे सांगत नाही! दोघांनी दहा-दहा घेतल्या तर उत्तम. पण सगळ्या ताईनंच खाल्ल्या तर? किंवा दोघांना कामाला लावणाऱ्या तिसऱ्याच कुणीतरी डब्यात भरून नेल्या तर? शिवाय बंटीला करंज्या सोडून पणत्या रंगवायला लावणं सोपं आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला आपला धंदा सोडून उद्यापासून दुसरा शीक म्हणून सांगणं इतकं सोपं असतं का?

हे आपल्याला कुणी परक्यानं समजावून सांगायची गरज नाही. मुंबईनं ते पाहिलेलं आहे. चला, पिठाच्या गिरणीतून आता कापडाच्या गिरणीत जाऊ.

भोंगा बंद झाला तेव्हा

कापडाचं काम हे जगातलं सगळ्यात भटकं काम आहे, म्हणा ना! एके काळी भारतातल्या हातमागाचं कापड जगभर जायचं. मग इंग्लंडमधल्या लँकेशायरला वाफेवरच्या गिरण्या निघाल्या. त्यांचं स्वस्त कापड आपल्या बाजारात आलं आणि इथल्या विणकरांचे माग थंडावले. पुढे कावसजी दावर यांनी मुंबईत १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. पाठोपाठ गिरण्या उभ्या राहत गेल्या आणि लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला.

मग पारडं फिरलं. स्वदेशी गिरण्या वाढल्या, परदेशी कापडावर बहिष्कार आला आणि लँकेशायरच्या कामगारांवर बेकारीची पाळी आली. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले महात्मा गांधी मुद्दाम या कामगारांना भेटायला गेले. ज्यांच्या बहिष्कारामुळे आपलं काम गेलं, तेच गांधीजी समोर! पण कामगारांनी त्यांचं हसतमुखानं स्वागत केलं. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. तो आजही पाहायला मिळतो. गांधीजींनी त्यांचं दुःख ऐकून घेतलं. पण तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं माझ्या देशात रिकाम्या हातांनी बसली आहेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन्ही बाजूंना भुकेली माणसं होती आणि काम मात्र एकच!

आता पन्नास वर्षं पुढे या. गिरणगावात कोकणातून, सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेली माणसं राहत होती. एका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीनं झोपत, खाणावळीत जेवत. भोंगा वाजला की सगळं गिरणगाव हलायचं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार! पगार, बोनस, आपली युनियन आपण निवडायचा हक्क, अशा मागण्या होत्या.

गिरण्यांचे माग थांबले. पण लोक कापड वापरायचे थांबले का? नाही! ते कापड आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. संपाच्या आधीपासूनच गिरण्या यंत्रमागाचं कापड घेऊन त्यावर आपला शिक्का मारून विकत होत्या. यंत्रमाग म्हणजे लहान शेड, चार-आठ-बारा माग, कमी मजुरी आणि लांबलचक पाळी. तिथे फंड कुठला आणि हक्काची रजा कुठली! काम गिरणीबाहेर जायला परदेशाची गरज लागली नाही. ठाणे ओलांडून पलीकडे गेलं तरी पुरलं.

तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. कुणी गावी परतलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. घरच्या बायका डबे करून द्यायला, घरकाम करायला निघाल्या. मुलांच्या शाळा सुटल्या. लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलमध्ये सूत निघायचं, तिथे आज मोठा मॉल आहे. जुनं धुराडं मात्र अजून उभं आहे. मॉलमध्ये गेलात तर मान वर करून ते जरूर बघा.

भिवंडीच्या मागवाल्याला काम मिळालं, हे चांगलंच झालं. गिऱ्हाइकाला कापड मिळत राहिलं, हेही खरं. आणि गिरणी कामगार? तो आपल्या गोष्टीतला दळणकांडण करणारा माणूस झाला.

ज्याला काम मिळतं त्याचं काय?

काम ज्याच्याकडून जातं त्याचं नुकसान, ज्याच्याकडे येतं त्याची चंगळ, असं तुम्हाला वाटेल. तेही पुरतं खरं नाही. त्यासाठी आपल्याला शेजारच्या बांगलादेशात जावं लागेल.

अमेरिका-युरोपातली दुकानं कपडे शिवून घेण्यासाठी स्वस्त ठिकाणं शोधत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातल्या देश गारमेंट्स या कंपनीनं आपली सुमारे १३० माणसं शिवणकामाचा कारखाना कसा चालवायचा ते शिकायला दक्षिण कोरियाला पाठवली. ती शिकून परत आली आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःचे कारखाने काढले! काम एका मालकाकडे आलं, पण कसब गावभर पसरलं. आज तिथे सुमारे ४० लाख माणसं कपड्यांच्या कारखान्यांत काम करतात. त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं आहेत. खेड्यातल्या मुलीला पहिल्यांदा स्वतःचा पगार हातात मिळाला. तिच्या शब्दाला घरात मान आला.

पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त? २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथल्या राणा प्लाझा या आठमजली इमारतीला तडे गेलेले दिसले. इमारतीत बँक होती, दुकानं होती आणि शिवणकामाचे पाच कारखानेही होते. बँकेनं आपल्या माणसांना घरी पाठवलं. दुकानं बंद राहिली. कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर यायला लावलं. ऑर्डर वेळेवर पुरी करायची होती ना! २४ एप्रिलच्या सकाळी ती इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांवर बड्या परदेशी दुकानांची लेबलं होती.

तेव्हा जगभर लोक खवळले. काही जण म्हणाले, बांगलादेशातून कपडेच घेऊ नका. पण तसं केलं असतं तर त्या ४० लाख घरांच्या चुली विझल्या असत्या! शेवटी दुसरा मार्ग निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात अनेक कंपन्या आणि कामगार संघटना यांनी एक करार केला. साधं वचन नव्हे, कोर्टात जाता येईल असा पक्का करार! कारखान्यांची तपासणी करायची, आगीचे रस्ते मोकळे ठेवायचे, कमकुवत इमारती दुरुस्त करायच्या. हजाराहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली. सगळं आलबेल झालं असं नाही. पण काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारीही बाहेर देता येत नाही, एवढं तरी कागदावर आलं.

आणि आपला दादा?

आता पुन्हा गल्लीत येऊ. दादाला पगार चांगला आहे. घराचे हप्ते तोच भरतो. पण दिवसा झोपून शरीर कुरकुर करतं. दिवाळीची पहाट सोडली तर घरच्यांबरोबर जेवण असं होतच नाही. काकूंना आता पेढ्यांचा आनंद आठवतो, पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसतात. पहिल्यापासून कॉल सेंटरच्या नोकरीत हे आहेच. काही ठिकाणी तर मुलामुलींना फोनवर अमेरिकन नावं घेऊन बोलावं लागे. घरी सुनील, कामावर सॅम!

शिवाय दादाच्या मनात एक धाकधूक आहे. जे काम अमेरिकेहून पुण्याला आलं, ते पुण्याहून आणखी कुठे जाणार नाही कशावरून? गेलंही आहे. २०१० च्या सुमारास फोनवर बोलण्याच्या कामात फिलिपिन्स भारताच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. आणि आता तर फोनवर यंत्रच बोलू लागलं आहे. ते झोपत नाही, डबा आणत नाही, पगारवाढ मागत नाही!

म्हणजे बघा, ज्या दादाला आपण गिरणीवाला समजत होतो, त्याच्यावरच उद्या दळणकांडणवालीची पाळी येऊ शकते. हे कळल्यावर अमेरिकेतल्या त्या अनोळखी माणसाबद्दल आपल्याला वेगळंच वाटू लागतं, हो की नाही?

मग हे चांगलं की वाईट?

वर्गात वादविवाद स्पर्धा असेल तर एक गट म्हणेल, "चांगलं!" दुसरा म्हणेल, "वाईट!" आणि बाईंना निकाल द्यावा लागेल. आपण जरा वेगळं करू. कुठलंही काम एका ठिकाणाहून दुसरीकडे चाललं, की तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: वाढलेल्या करंज्या कुणाच्या ताटात पडल्या? नुसत्या मालकाच्या, की काम करणाऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्याही?

दुसरा: ज्याचं काम गेलं त्याची सोय कुणी केली? हे अशक्य नाही, बरं का. अमेरिकेत १९६२ साली एक कायदा झाला. परदेशी मालामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांना भत्ता आणि नवं शिक्षण द्यायची सोय त्यात होती. ती मदत अपुरी पडते अशा तक्रारी होत्या आणि २०२२ च्या जुलैपासून तर नव्या कामगारांना मंजुरी देणंच थांबलं. युरोपीय संघानं असाच निधी २००७ पासून चालवला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

तिसरा: ज्याला काम मिळालं, तो सुखरूप आहे का? त्याच्या डोक्यावरचं छप्पर पक्कं आहे का? त्याची झोप होते का?

तिन्ही उत्तरं बरी असतील तर काम खुशाल प्रवास करू दे. एकाचं जरी उत्तर वाईट असेल, तर काम थांबवण्यापेक्षा ते उत्तर सुधारायच्या मागे लागायला हवं. कारण काम रात्रीत समुद्र ओलांडतं. माणसाला मात्र घर, शाळा, म्हातारे आईबाप मागे सोडून त्याच्यामागे धावता येत नाही.

आणि तुम्ही काय करायचं? आजच कुठलं काम शिकू, असा घोर लावून घेऊ नका. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कुठली कामं असतील, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण कोरियाहून शिकून आलेल्या त्या माणसांना आठवा. नोकरी मालकाची असते, ती तो नेऊ शकतो. शिकलेलं मात्र आपलं असतं. म्हणून एक गोष्ट नीट शिका आणि दुसरी शिकायची तयारी ठेवा. आईबाबांनीही चाळिशीनंतर काही नवं शिकायला घेतलं तर त्यांना हसू नका. त्यांचा अभ्यास घ्या!

करून पाहा

रविवारी घरातल्या दहा वस्तू घ्या. शर्ट, बूट, खेळणं, मोबाइल, काहीही. कोणती कुठे तयार झाली ते लेबल बघून वहीत लिहा. नकाशात त्या जागांवर टिंबं द्या.

मग आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या काकांना विचारा, "तुमच्या तरुणपणी असलेलं कुठलं काम आता आपल्या गावात राहिलं नाही? ते करणारी माणसं पुढे कुठे गेली?" मिळालेलं उत्तर त्याच वहीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ते पुस्तकात सापडणार नाही. आणि वाचून दाखवावंसं वाटलं तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा.

आणि हो, पहाटे साडेचारला ती गाडी गल्लीत आली आणि तुम्ही जागे असाल, तर खिडकीतून दादाला हात करा. दिवसभरात त्याला हसून हात करणारं कुणी भेटतंच असं नाही.